मानेची गाठ: आधी बोट, मग सोनोग्राफी, सुई त्यानंतर

मानेला गाठ आली की आपल्याकडे उपचार सुरू व्हायला वेळ लागत नाही. डॉक्टरकडे जाण्यापूर्वीच घरातली, शेजारची आणि पाहुणे मंडळी निदान करून मोकळी होतात. कोणी म्हणते अवधाण आले, कोणी म्हणते गालगुंड, वयस्कर माणसे गंडमाळेचे नाव घेतात. मग चुना-गुळाचा लेप बसतो, बिब्बा लागतो, विटेचा शेक दिला जातो, तेल लावून गाठ 'जिरेपर्यंत' चोळली जाते. एवढ्याने भागले नाही तर 'छोटासा छेद देऊन टाकू' असे म्हणणाराही कोणीतरी भेटतो.

यातल्या बऱ्याच गाठींचे पुढे काही बिघडत नाही, हे खरे आहे. सर्दी-घसा, किडलेला दात, डोक्यातली खरूज अशा कारणांनी आलेले अवधाण दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरते आणि त्याचे श्रेय लेपाला मिळते. पण मानेच्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली एक जागा अशी आहे की तिथे केलेली घाई माणसाला कायमची महागात पडू शकते. त्या जागेखालून मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड नावाची मोठी रोहिणी जाते. म्हणून आजच्या लेखात एकच आग्रह धरायचा आहे. या जागेवरील गाठीला चोळणे, डागणे, टोचणे, कापणे यांपैकी काहीही करण्यापूर्वी तिची धडधड बोटाने तपासली पाहिजे आणि तिची सोनोग्राफी झाली पाहिजे. हा नियम रुग्णांनी पाळावा आणि आम्हा डॉक्टरांनीही पाळावा.

ही रोहिणी असते कुठे?

आपल्या कंठमण्याच्या बाजूला, मानेच्या तिरक्या स्नायूच्या पुढच्या कडेला हलके बोट ठेवले तर ठोके लागतात. तीच ही कॅरोटिड. उजवीकडे एक आणि डावीकडे एक. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या सुमारास तिचे दोन फाटे होतात. आतला फाटा मेंदूकडे आणि डोळ्याकडे जातो, बाहेरचा फाटा चेहरा, जीभ व टाळू यांना रक्त पुरवतो. तिला अगदी लगटून मोठी नीला जाते. तिथूनच आवाजाच्या, गिळण्याच्या आणि जीभ हलवण्याच्या नसाही जातात. दोन-तीन बोटांच्या जागेत इतकी महत्त्वाची गर्दी शरीरात फार थोड्या ठिकाणी असेल.

आपल्या जुन्या वैद्यांना हे ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांचे वर्णन आहे. त्यात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन नीला आणि दोन मन्या अशा चार धमन्या सांगितल्या आहेत. तिथे इजा झाल्यास मुकेपणा येतो, आवाज बिघडतो, चव कळत नाही, असे म्हटले आहे. आजच्या शल्यविशारदाला या जागेच्या शस्त्रक्रियेत नेमकी आवाजाची आणि जिभेची नस जपावी लागते. आणि 'कॅरोटिड' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ गुंगी आणणे, बेशुद्ध करणे असा आहे. ही रोहिणी दाबली की माणूस भोवंडतो, हे त्या लोकांनीही पाहिले होते.

तांदळाएवढा अवयव आणि त्याची गाठ

रोहिणीचे दोन फाटे होतात त्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. त्याला कॅरोटिड बॉडी म्हणतात. रक्तात प्राणवायू कमी झाला की हा चिमुकला पहारेकरी मेंदूला खबर देतो आणि आपला श्वास वाढतो. श्वासाचे नियमन अशा रीतीने कसे होते, हे दाखवल्याबद्दल बेल्जियमचे कोर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वजनाच्या मानाने या अवयवाचा रक्तपुरवठा प्रचंड असतो.

क्वचित या अवयवाचीच गाठ बनते. ही गाठ विरळा आहे, हे मी मुद्दाम सांगतो. उगाच कोणी घाबरून जाऊ नये. बहुतेक वेळा ती कर्करोगाची नसते, पण थोड्या रुग्णांत तसे निघू शकते. ती दुखत नाही आणि वाढतेही फार सावकाश, वर्षाला साधारण एखाद-दुसरा मिलिमीटर. म्हणूनच माणूस ती पाच-सात वर्षे अंगावर काढतो. जबड्याच्या कोनाखाली एक घट्टसर, रबरासारखी गाठ लागते. ती पुढे-मागे हलते, पण वर-खाली हलत नाही, कारण ती उभ्या रोहिणीला धरून बसलेली असते. हात ठेवला तर ठोके जाणवू शकतात. फार मोठी झाली तर आवाज घोगरा होतो, घास अडकल्यासारखा वाटतो, जीभ एका बाजूला वळते. काहींमध्ये ही गाठ रक्तदाब वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते. मग धडधड, घाम, डोकेदुखी असा त्रास होतो.

ही गाठ कोणाला होते? पेरू, बोलिव्हिया, मेक्सिको अशा देशांतल्या उंच डोंगराळ भागांत, जिथे हवा विरळ आहे, तिथे ती अधिक आढळते. पहारेकऱ्याला जन्मभर जास्त काम पडले की तो वाढतो, असा त्याचा साधा अर्थ. दुसरे कारण आनुवंशिक आहे. काही घराण्यांत जनुकातील दोषामुळे ती पिढ्यान्पिढ्या दिसते आणि अशा लोकांत दोन्ही बाजूंना होण्याची शक्यता जास्त असते. असा जनुकदोष प्रथम २००० साली ओळखला गेला. तेव्हा 'आमच्या वडिलांनाही मानेला अशीच गाठ होती' हे वाक्य डॉक्टरला सांगायला विसरू नये.

सुई आधी का नको?

आता मुद्द्याकडे येऊ. ही गाठ म्हणजे रक्तवाहिन्यांचे जाळेच असते. क्षयाची गाठ समजून तिला जाड सुई टोचली किंवा तुकडा काढायला गेले तर रक्त थांबवणे अवघड होऊ शकते. शल्यक्रियेच्या इतिहासात याची साक्ष आहे. १८८० साली रीग्नर यांनी अशी गाठ काढण्याचा प्रयत्न केला, पण रोगी वाचला नाही. १८८६ साली माइडल यांचा रोगी वाचला, परंतु त्याची वाचा गेली आणि अर्धे अंग लुळे पडले, कारण गाठीबरोबर मेंदूचा रक्तपुरवठाही गेला होता. आज चित्र पुष्कळ बदलले आहे. रोहिणी शाबूत ठेवून गाठ सोलून काढता येते. पण त्यासाठी गाठ कसली आहे हे आधी माहीत असावे लागते, हाताशी रक्त असावे लागते आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ असावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी, भूल देऊन 'साधी गाठ' म्हणून उघडण्याचे हे काम नव्हे.

दुसरीही एक फसवी गाठ असते. रोहिणीची भिंत एखाद्या जखमेने, जंतुसंसर्गाने किंवा टोचण्याने फाटते आणि बाहेर आलेले रक्त आजूबाजूच्या मांसात फुगा करून राहते. वरून लाल, गरम, दुखरी. दिसायला थेट गळू. अशा 'गळवा'ला कोणी पाते लावले तर काय होईल, हे सांगायला नको.

यावर माझे काही व्यवसायबंधू म्हणतील, 'आपल्याकडे मानेच्या दीर्घकाळ राहिलेल्या गाठींत क्षयाच्याच गाठी पुष्कळ. एका दुर्मिळ गाठीसाठी प्रत्येकाला सोनोग्राफीच्या खर्चात कशाला घालायचे?' हा आक्षेप रास्त आहे. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला प्रत्येक तपासणी भारी असते, हे मलाही दिसते. पण माझे म्हणणे असे की बोट आणि स्टेथोस्कोप यांना पैसे पडत नाहीत. गाठ कानामागे किंवा मानेच्या मागच्या बाजूला आहे, धडधडत नाही, तर तिला बारीक सुई लावून तपासणीला पाठवायला हरकत नाही. क्षयाच्या निदानात त्या तपासणीचा मोठाच उपयोग होतो. मात्र गाठ रोहिणीच्या वाटेवर असेल किंवा हाताला ठोके लागत असतील, तर सोनोग्राफी आधी. रोहिणीतला रक्तप्रवाह दाखवणारी 'डॉपलर' सोनोग्राफी त्यात सर्वात उपयोगी. शंका राहिली तर सी. टी. किंवा एम. आर. आय. करून रक्तवाहिन्यांचा नकाशा काढता येतो. चुकीच्या सुईने होणाऱ्या खर्चापेक्षा एका सोनोग्राफीचा खर्च नक्कीच कमी आहे.

त्याचबरोबर उलट बाजूचा गैरसमजही दूर केला पाहिजे. 'सुई लावली की गाठ पसरते' या भीतीने क्षय आणि कर्करोगाचे कितीतरी रुग्ण महिनेच्या महिने वाया घालवतात. योग्य जागी, योग्य क्रमाने लावलेली बारीक सुई ही रुग्णाची मित्र आहे. माझा विरोध सुईला नाही, क्रम चुकवण्याला आहे.

हाताला काय लागते?

वाचकांनी स्वतः निदान करू नये, पण काही खुणा माहीत असाव्यात. पाणी पिताना गाठ वर-खाली सरकत असेल तर ती बहुधा गलग्रंथीची. एकमेकींना चिकटलेल्या दोन-चार गाठी, बारीक ताप, वजन घटणे असेल तर क्षयाचा संशय घ्यावा. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत आणि नेहमीच्या गाठींच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. तंबाखू, गुटखा, मिश्री यांची सवय असलेल्या माणसाला दगडासारखी टणक गाठ आली तर आधी त्याचे तोंड आणि घसा उजेडात पाहिला पाहिजे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण तो कुठे मिळतो, हे वाचकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. तोंडाच्या कर्करोगाच्या गाठी उशीर झाला की कॅरोटिडला विळखा घालतात, आणि मग शल्यविशारदाचेही हात बांधले जातात.

ठोके लागणारी प्रत्येक गाठ रोहिणीचीच असते असे नाही. रोहिणीवर बसलेली साधी गाठही ठोक्याबरोबर उचलली जाते. डॉक्टर गाठीच्या दोन बाजूंना दोन बोटे ठेवतात. बोटे नुसती वर उचलली गेली तर ठोका खालच्या रोहिणीचा असू शकतो. दर ठोक्याला बोटे एकमेकांपासून दूर ढकलली गेली तर रोहिणीच फुगली असल्याचा संशय बळावतो. आणखी एक प्रकार वृद्ध, विशेषतः रक्तदाब असलेल्या बायकांत दिसतो. गळ्याच्या उजव्या बाजूला, हाडाच्या वर उडणारा फुगवटा दिसतो आणि घरचे घाबरतात. बहुधा ती वयोमानाने वाकडी झालेली रोहिणी असते आणि तिला काही करावे लागत नाही. हेही सोनोग्राफीतच कळते, म्हणजे सोनोग्राफी कधी कधी शस्त्रक्रिया टाळतेसुद्धा.

एक सूचना. मानेचे ठोके पाहताना एका वेळी एकच बाजू आणि तीही हलकेच पाहावी. दोन्ही बाजू एकदम दाबू नयेत. तिथे रक्तदाबावर लक्ष ठेवणारी जागा असते, ती दाबली गेली की हृदयाची गती मंदावून माणसाला घेरी येऊ शकते.

मांजा आणि मान मोडणे

गाठीखेरीज या रोहिणीला इजा होण्याचीही कारणे आहेत, आणि त्यातली काही आपण हौसेने ओढवून घेतो. संक्रांतीच्या दिवसांत मोटारसायकलवरून जाणाऱ्यांचे गळे नायलॉन मांज्याने कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांज्यावर देशभर बंदी घातली. तरी तो विकला जातो आणि आपणच तो मुलांना आणून देतो. पतंगाच्या दिवसांत दुचाकीवर लहान मुलाला पुढे बसवू नये आणि गळ्याला जाड रुमाल किंवा मफलर गुंडाळावा. गळा कापलाच तर स्वच्छ फडके घेऊन थेट जखमेवर तळव्याने घट्ट दाबून धरावे आणि १०८ ला फोन करावा. फडके भिजले तर न काढता वर दुसरे ठेवावे. गळ्याभोवती पट्टी आवळू नये, श्वासनळी दाबू नये. हळद, चुना, तंबाखू काही भरू नये. काही रुतलेले असेल तर उपटू नये.

दुसरी हौस मान मोडून घेण्याची. दाढी झाली की न्हावी दोन हातांत डोके धरून कडकन मान फिरवतो आणि गिऱ्हाईकाला बरे वाटते. बहुतेकांना काही होत नाही, म्हणून ही पद्धत टिकली आहे. परंतु अशा हिसक्याने क्वचित रोहिणीचे आतले अस्तर फाटते. फाटीत रक्त शिरते, गुठळी तयार होते आणि तिचा तुकडा मेंदूत जातो. मानेच्या मणक्यांतून जाणाऱ्या मागच्या रोहिणींनाही हाच धोका असतो. तरुण माणसाच्या अंगावरून वारे जाते त्या कारणांत रोहिणीचे अस्तर फाटणे हे एक महत्त्वाचे कारण आहे. त्रास त्याच क्षणी होईल असेही नाही, काही तासांनी किंवा काही दिवसांनी होऊ शकतो. मग मान मोडल्याचा आणि वारे गेल्याचा संबंध कोणाच्या लक्षातच येत नाही. मानेला हिसका, मार किंवा अपघात झाल्यावर एका बाजूची मान आणि डोके सतत दुखू लागले, एक पापणी खाली आली, त्या डोळ्याची बाहुली लहान दिसू लागली, तर ती लचक समजून चोळत बसू नये. न्हाव्याला नम्रपणे सांगावे, 'दाढी कर, मान राहू दे.'

आतून बुजणारी रोहिणी

तिसरा आजार हाताला लागत नाही, पण संख्येने तोच मोठा आहे. विडी-तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि वाढलेली चरबी यांनी कॅरोटिडच्या फाट्यापाशी आतून कीट साचते. या कीटाचा आणि पक्षाघाताचा संबंध मिलर फिशर यांनी १९५१ साली स्पष्ट मांडला. १९५३-५४ च्या सुमारास हे कीट काढण्याच्या शस्त्रक्रिया यशस्वी होऊ लागल्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील मोठ्या पाहणीत असे दिसले की, लक्षणे येऊन गेलेल्या आणि रोहिणी ७० ते ९९ टक्के बुजलेल्या रुग्णांत केवळ औषधांवर दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात २६ टक्क्यांना झाला, तर शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ टक्क्यांना.

याची पूर्वसूचना अनेकदा मिळते. पाच-दहा मिनिटे एक हात लुळा पडतो, बोबडी वळते किंवा एका डोळ्यासमोर पडदा येतो आणि जातो. 'गेले बरे झाले' म्हणून माणूस कामाला लागतो. तसे करू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि लक्षणे जात नसतील तर एक मिनिटही घालवू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. कबुतराचे रक्त चोळण्यात आणि गावोगावच्या औषधवाल्यांकडे फिरण्यात ते तास निघून जातात.

काय व्हायला हवे?

माझ्या मते आपल्या जिल्ह्यात तीन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. एक, मानेच्या गाठीच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर 'ठोके आहेत' किंवा 'ठोके नाहीत' एवढे तरी डॉक्टरने लिहावे. लिहायचे म्हटले की तपासावे लागते. दोन, जिथे सोनोग्राफीचे यंत्र आहे, तिथे रोहिणीच्या वाटेवरील गाठ सुईसाठी पाठवण्यापूर्वी डॉपलर करून घेण्याचा पायंडा पडावा. तीन, असा रुग्ण निघाला तर त्याला नुसते 'मुंबईला जा' न सांगता कोणत्या विभागात जायचे ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा विभाग मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. गाठ लहान असताना ती रोहिणीपासून सहज सुटते. वाढली की रोहिणीला विळखा घालते आणि नसांना इजा होण्याचा धोका वाढतो. फार वृद्ध रुग्णांत तज्ज्ञ नुसती नजर ठेवायलाही सांगतात, पण तो निर्णय तपासणीनंतरचा असतो, कंटाळा करून घेतलेला नसावा.

वाचकांनी लक्षात ठेवायचे ते थोडके आहे. मानेची गाठ तीन आठवड्यांत ओसरली नाही तर ती दाखवा. ती चोळू नका, तिच्यावर बिब्बा घालू नका, डागू नका. कोणी टोचायला किंवा कापायला निघाले तर आधी विचारा, 'डॉक्टर, हिचे ठोके पाहिलेत का?' हा प्रश्न विचारल्याबद्दल कोणताही चांगला डॉक्टर रागावणार नाही.